खुंट्याची टाच

रस्सीखेच बघायला माणसं का जमतात हे मला लग्नाआधी कळायचं नाही. इकडे आठ माणसं, तिकडे आठ माणसं, मधे दोरी, आणि बराच वेळ काहीच घडत नाही. पण त्या काहीच न घडण्यात केवढं काय काय चाललेलं असतं, ते एकदा डोळ्यांना दिसायला लागलं की माणूस कामातून जातो. मी तशीच गेले. अजूनही त्या लढतीबद्दल सांगायला बसले की माझे तळहात शिवशिवायला लागतात.

आमचा छापखाना आणि रस्त्यापलीकडचा साबणाचा कारखाना यांच्यात दरवर्षी ही लढत होते. मधलं मोकळं मैदान दोघांचंही नाही, म्हणून भांडायला सोयीचं. नियम दोनच. खेळणारा त्या त्या ठिकाणी कामाला असला पाहिजे, आणि आठ जणांचं मिळून वजन ठरलेल्या आकड्याच्या वर जाता कामा नये. लढतीच्या सकाळी आमच्या कागदाच्या गोदामातल्या मोठ्या काट्यावर दोन्ही संघ उभे राहतात, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या खिशांत दगड आहेत का बघतात.

आमचे हे त्याच गोदामात कामाला. कागदाचे भलेमोठे रोल ढकलत मशीनपर्यंत न्यायचे, हे ह्यांचं काम. अंगापिंडानं असे की घरी आले की आधी दाराला कळायचं, मग मला. दोरीच्या टोकाला, शेवटच्या जागेवर, दोरी पाठीवरून खांद्यावर घेऊन टाचा रोवून उभा राहणारा गडी म्हणजे हे. म्हणून सगळा छापखाना ह्यांना खुंटा म्हणतो. नाव कागदोपत्री आहे, पण पगाराच्या दिवसाशिवाय कुणी वापरत नाही.

संघाचा कप्तान छपाईच्या मोठ्या मशीनवरचा मुख्य कारागीर. त्याच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून त्याचंही नाव शिट्टीच. मशीनच्या आवाजात ओरडून काही ऐकू जात नाही, तेव्हा हा शिट्टीनंच बोलतो; घरीही बोलत असेल, कुणास ठाऊक. आणि एक होता काडी. मुद्रितं तपासणारा, चष्मेवाला, वाऱ्यानं हलेल असा. त्याला संघात घेतला होता तो नुसता हलका म्हणून. ह्यांचं वजनच एवढं होतं की आकड्यात बसायचं तर कुणीतरी काडीएवढा माणूस लागायचाच. बिचारा दोरी धरायचा कमी आणि दोरीला लोंबकळायचा जास्त.

मी बांधणी खात्यात. शिवलेल्या पुस्तकांचे गठ्ठे उचलून दाबाच्या यंत्रात चढवायचे आणि उतरवायचे, दिवसभर हेच. माझ्या दंडांकडे बघून आमच्या खात्यातल्या बायका मला म्हणायच्या, "तू का नाही गं खेळत?" मी हसून सोडून द्यायचे. बाई नको असा नियम नव्हता. फक्त कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं, माझ्यासकट.

तर गेल्या वर्षीच्या लढतीआधी ह्यांची उजवी टाच दुखत होती. सकाळी पलंगावरून उतरले की पहिली काही पावलं भिंत धरून. मी विचारलं तर "झोपेत पाय आखडला," हे उत्तर. रोज रोज बरा आखडतो, म्हटलं, तर "तू चहा टाक" म्हणाले.

लढत तीन फेऱ्यांची. पहिली आम्ही मारली, दुसरी त्यांनी. तिसऱ्या फेरीत आम्ही चांगले टिकून होतो. साबणवाल्यांच्या शेवटच्या जागेवर बॉयलर नावाचा पठ्ठ्या असतो, तिथल्या बॉयलरवरच कामाला, आणि दिसायलाही तसाच. एकीकडे तो, दुसरीकडे आमचे हे. दोघांचे चेहरे लालबुंद. मी कडेला उभी राहून ओरडत होते. आणि एकाएकी ह्यांच्या तोंडातून आवाज निघाला, दबका, कुणी दारात बोट चिमटल्यावर काढतो तसा. उजवा पाय लुळा पडला, हे मागच्या मागे बसले आणि पुढचे सातही जण फरफटत गेले. काडी तर आडवा होऊन शेवटपर्यंत दोरी धरून होता, गवतावरून सुरळीत घसरत गेला.

नशीब, टाचेमागची शीर तुटली नव्हती. दवाखान्यात पोटरी दाबून बघितली, पाऊल हललं, तेव्हा म्हणाले, तुटलेली नाही, दुखावली आहे. बर्फ, विश्रांती, टाचेखाली मऊ गादी घाला.

दुसऱ्या दिवशी शिट्टी भेटायला आला. बिस्किटं घेऊन आला आणि ती बोलता बोलता स्वतःच संपवली.

"वहिनी, मला एक सांगा. हा कोलेस्टेरॉलच्या गोळ्या घेतो ना?"

"घेतात. दोन वर्षं झाली."

"तिथेच घोळ आहे. माझ्या मेहुण्याचा खांदा ह्याच गोळ्यांनी धरला. मोबाइलवर बघा, ढीगभर लोकांनी लिहिलंय. त्या गोळ्या शिरा कुरतडतात."

मी म्हटलं, "ह्यांच्या मोठ्या भावाचं काय झालं ते माहीत आहे ना तुम्हाला?"

शिट्टीनं पुढचं बिस्किट उचललं. माझे थोरले दीर चाळिशी उलटते न उलटते तोच जिन्यात बसले आणि उठलेच नाहीत. त्या धक्क्यानंतरच ह्यांनी रक्त तपासून घेतलं आणि गोळ्या सुरू झाल्या. मला वाटलं, विषय संपला.

संपला नव्हता. दीड-दोन महिन्यांनी ह्यांची जुनी पँट धुवायला काढली तर खिशात गोळ्यांची पाकिटं, एकही गोळी न फोडलेली. मी पाकिटं हातात घेऊन तशीच गोदामात गेले. चार लोकांदेखत.

"हे काय?"

"अगं, हळू..."

"हळू नाही. हे काय आहे?"

"बंद केल्यात," हे खाली बघत म्हणाले. "टाच बरी झाली की परत घेईन. खुंट्याची टाचच गेली तर काय करायचं काय मी?"

"आणि टाच बरी झालीय का?"

ह्यांनी उजवा पाय रोलमागे ओढून घेतला. मी तिथल्याच एका रोलवर बसले. डोळ्यांसमोर तो जिना दिसत होता. मग मी उठले आणि म्हटलं, "चला. आत्ता. टाचेचं आणि गोळीचं एकाच ठिकाणी विचारू."

ज्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो त्या हाडं आणि सांध्यांच्या. वयानं आमच्याहून लहान, बोलायला मोकळ्या. त्यांनी ह्यांना पोटावर झोपवलं, पाय पलंगाबाहेर काढले आणि दोन्ही टाचांच्या वरची ती जाड शीर दोन बोटांत धरून वरपासून खालपर्यंत चाचपली. उजवी. मग डावी. मग परत उजवी.

"ह्याला आम्ही कंडरा म्हणतो," त्या म्हणाल्या. "स्नायूला हाडाशी बांधून ठेवणारी दोरी. डावी दुखते का?"

"छे. डावी ठणठणीत आहे."

"पण जाड तीही झालीय. गाठीगाठी लागतायत हाताला."

मग त्या खुर्ची ओढून बसल्या आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. एखाद्याला हरवलेल्या वस्तूचा पत्ता लागावा तसं.

"घरात कुणाला कमी वयात हृदयाचा त्रास झालाय?"

मीच थोरल्या भाऊजींचं सांगितलं.

हे मधेच म्हणाले, "डॉक्टर, हे गोळीमुळेच झालंय ना? स्पष्ट सांगा."

"स्पष्टच सांगते. ह्या गोळ्यांनी काही जणांचे स्नायू दुखतात, हे खरं. कंडराही कुरकुरते अशा तक्रारी नोंदल्या गेल्यात. पण हजारो लोक तपासून बघितले तेव्हा काही ठिकाणी तसं आढळलं, काही ठिकाणी नाही आढळलं. म्हणजे मी छातीठोकपणे नाही म्हणणार नाही. पण तुम्ही गोळी बंद करून किती दिवस झाले?"

"दोन महिने व्हायला आले."

"टाचेत फरक?"

"नाही," हे पुटपुटले.

"मग सगळा आळ तिच्यावरच कशाला? माझा संशय उलट आहे. काही घरांत कोलेस्टेरॉल जन्मापासूनच फार असतं. ते हृदयाच्या वाहिन्यांत साचतंच, पण कंडरेतही जाऊन बसतं. बाहेरून ती जाडजूड दिसते आणि आतून कमजोर होते. तसं असेल तर तुम्ही जी गोळी टाकून दिलीत, तीच तुमच्या टाचेच्याही बाजूची होती."

ह्यांचं तोंड उघडंच राहिलं. मला मात्र, खोटं कशाला सांगू, अंगातून वीज गेल्यासारखं झालं. इतके दिवस टाच वेगळी, हृदय वेगळं, भाऊजी वेगळे असं चाललं होतं. त्या बाईंनी दोन बोटांत सगळं एकत्र पकडलं.

"आणि दुसरं," त्या म्हणाल्या, "ह्या दुखऱ्या दोरीवर तुम्ही रोज केवढं ओझं टाकता!"

"ते कागदाचे रोल आता दुसरा ढकलतो," हे घाईघाईनं म्हणाले.

"रोल नाही हो. तुम्ही."

मला हसू फुटलं. ह्यांना नाही.

"प्रत्येक पावलाला शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट ताण तिथे बसतो. शिवाय चरबी फार झाली की अंगात बारीक सूज धुमसत राहते, दुखापत भरून यायला वेळ लागतो. वजन उतरवलंत तर टाच तुमचे उपकार मानेल."

रक्त तपासलं. सोनोग्राफी झाली. त्यांचा संशय खरा निघाला. कोलेस्टेरॉलचा आकडा असा होता की तपासणीवाल्यानं नमुना पुन्हा लावून बघितला होता. हृदयाच्या डॉक्टरांशी बोलून बाईंनी गोळी बदलून दिली, दुसरी एक जोडीला दिली, आणि बजावलं की स्नायू दुखायला लागले तर आधी मला सांगायचं, मनानं बंद करायची नाही.

आणि मग म्हणाल्या, "मुलं किती तुम्हाला?"

आमची एकच लेक. कॉलेजात. शिडशिडीत, जिने दोन-दोन पायऱ्यांनी चढणारी. तिला कसलं कोलेस्टेरॉल? पण तपासलं आणि तिचाही आकडा वर. मी त्या दिवशी बाथरूममध्ये नळ सोडून रडले. लेकीनंच दार वाजवलं.

"आई, बाहेर ये. काकांना कळलं नव्हतं. मला कळलंय. रडतेस काय?"

रात्री जेवताना हे मान खाली घालून बसले होते. माझ्यामुळे तिच्या नशिबी आलं, असं काहीबाही बोलायला लागले. लेकीनं त्यांची गोळी पाकिटातून काढून त्यांच्या ताटाशी ठेवली आणि आपली आपल्या ताटाशी.

"बाबा, सरळ हिशेब. तुम्ही घेतली की मी घेणार. तुम्ही टाकली की मीही टाकणार."

हे इतक्या घाईनं गोळी गिळायला गेले की ठसका लागला.

तिथून आमच्या घरात जे सुरू झालं त्याला काय म्हणू? उत्सव म्हणते. सकाळी जिन्याच्या पायरीवर हे उभे, टाचा पायरीबाहेर, आणि हळू, अगदी हळू टाचा खाली सोडायच्या, परत वर. बाईंनी शिकवलेला व्यायाम. सुरुवातीला कठडा धरून कण्हत, मग नुसतं कण्हत, मग गाणं म्हणत. शेजारी जाता-येता विचारायचे, "खुंटा, आज भरती की ओहोटी?" तळलेलं बंद, गोड रविवारी, संध्याकाळी आम्ही तिघं चालायला. ह्यांच्या शर्टांची बटणं आधी ताणून बसायची ती सैल लोंबायला लागली. मी शर्ट आत घेऊन शिवले, परत उसवले, परत आत घेतले. आणि एका सकाळी हे पलंगावरून उतरले आणि सरळ स्वयंपाकघरात आले. भिंत न धरता. त्यांच्या ते लक्षातही नव्हतं. मी भांडं तसंच खाली ठेवलं आणि ओरडले, "परत! परत चालून दाखवा!"

पण छापखान्यात सुतकी वातावरण. शिट्टी ह्यांना बघायचा आणि कपाळावर हात मारून घ्यायचा.

"अरे, तू खुंटा होतास. आता खुंटी झालास! टोपी अडकवू का तुझ्यावर?"

हे हसून दाखवायचे. घरी आल्यावर मात्र एकदा म्हणाले, "अगं, माझं वजन होतं म्हणून छापखान्यात माझं वजन होतं."

त्यात डॉक्टरीणबाईंनी शेवटची तपासणी करून सांगितलं, "ओढायचं तर ओढा. टाच तयार आहे, पण शेवटची जागा विसरायची. सगळा भार तिथे येतो. दुसरीकडे कुठेही उभे राहा, आणि दुखलं की त्या क्षणी सोडायचं." बाकी कुणाला ही आनंदाची बातमी वाटली असती. ह्यांना वाटलं, आपल्याला निवृत्तच केलं.

संघाच्या बैठकीला त्या दिवशी मी ह्यांचा डबा द्यायला गोदामात गेले होते. सगळे रोलांवर बसलेले, तोंडं पाडून. काडी एकटा फळ्यावर खडूनं आकडे मांडत होता. मग त्यानं चष्मा नाकावर सरकवला आणि त्याच्या त्या चिरक्या आवाजात म्हणाला,

"एक मिनिट. तुम्ही सगळे रडताय कशासाठी? खुंट्याचं जेवढं वजन उतरलं तेवढी जागा आपल्या आकड्यात रिकामी झालीय. ह्याची ताकद काही उतरलेली नाही, काल ह्याला रोल ढकलताना मी बघितलंय. म्हणजे आता माझी गरजच नाही! मला काढा, आणि रिकाम्या जागेत एक दणकट माणूस बसवा."

मग शिट्टी म्हणाला, "कुणाला बसवू? दणकट होते ते सगळे आधीच घेतलेत."

काडीनं माझ्याकडे बघितलं. मग ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मग हळूहळू सगळ्यांनीच. मी डबा हातात घेऊन उभी.

"काय?" मी म्हटलं.

"वहिनी," शिट्टी म्हणाला, "तुम्ही बांधणीतला पूर्ण गठ्ठा एकट्या उचलता ना?"

"दोन उचलते."

काडीनं खडू हवेत उडवला.

माझं वजन त्यांनी त्याच दिवशी काट्यावर घेतलं. आकडा मी सांगणार नाही; सगळ्या छापखान्याला माहीत आहे तेवढं पुरे. बसला बरोबर, थोडीशी जागा उरली.

शेवटची जागा मला दिली. का, तर माझी कंबर खाली बसते आणि मग मला कुणी हलवू शकत नाही, असं ह्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं. मी लाजेनं लाल झाले, पण खरं होतं. घरामागच्या झाडाला दोरी बांधून ह्यांनी मला शिकवलं. दोरी काखेतून पाठीवर, पाठीवरून खांद्यावर कशी घ्यायची. हातानं ओढायचं नाही, पायांनी ढकलायचं. श्वास कुठे सोडायचा. इतकी वर्षं जे फक्त ह्यांच्या अंगाला माहीत होतं ते हे शब्दांत सांगायला धडपडत होते, आणि मध्येच हरखून थांबत होते. "अरेच्चा, मी असं करतो होय!"

काडीला आम्ही सोडला नाही. तो आता बाहेरून पुकारा करणार होता, कधी धरायचं, कधी ओढायचं. त्याचा आवाज मशीनच्या घरघरीतूनही सुईसारखा कानात शिरतो.

लढतीच्या सकाळी काट्याभोवती ही गर्दी. साबणवाले मला बघून आधी हसले, मग बॉयलर म्हणाला, "खुंटा कुठाय?" हे त्याच्या समोरच उभे होते. त्यानं ओळखलंच नव्हतं! आम्ही आठ जण काट्यावर चढलो. काटा वर गेला, डुलला, आकड्याच्या किंचित पुढे थांबला. "चाव्या!" काडी किंचाळला. शिट्टीच्या कमरेला मशीनखोलीच्या चाव्यांचा हा जुडगा! तो भिरकावला, मी मोबाइल काढून लेकीकडे फेकला, कुणी पट्टा सोडला. काटा मागे आला, आणि आकड्याला टेकला. पंचानं मान हलवली. आम्ही तिथेच अशा आरोळ्या ठोकल्या की जणू जिंकलोच.

पहिली फेरी मात्र आम्ही हरलो, आणि माझ्यामुळे हरलो. बॉयलरनं पहिला हिसका दिला तो माझ्या मणक्यातून थेट डोक्यात गेला. मला वाटलं होतं दोरी ओढली जाईल. दोरी नाही, अख्खी जमीन ओढली गेली पायाखालून. पंचाची शिट्टी वाजली तेव्हा मी गुडघ्यांवर होते, तोंडात माती.

हे सगळ्यात पुढे होते, पहिल्या जागेवर. चालत मागे आले. माझ्या चेहऱ्यावरची माती पुसली आणि कानाशी म्हणाले, "तू त्याला थांबवायला गेलीस. थांबवू नको. तू फक्त बस. बाकी आम्ही आहोत."

"टाच?" मी विचारलं.

"टाच आहे, असं तू म्हणालीस तेव्हा आठवलं."

दुसऱ्या फेरीत मी बसले. कंबर खाली, टाचा मातीत, आणि मनात म्हटलं, आता मला उचलायला क्रेन आणा. बॉयलरचा हिसका आला, अंगातून गेला, मी तिथेच. परत आला, परत तिथेच. आणि मग मला दोरीतून काहीतरी वेगळं कळलं. पलीकडची माणसं एका श्वासापुरती सैल पडली होती. काडीलाही दिसलं. "आत्ता!" सुई कानात शिरली आणि आम्ही आठही जण एका अंगानं मागे गेलो. एक पाऊल, अजून एक. निशाणाची चिंधी रेघेवरून आमच्या बाजूला आली. लेकीची किंकाळी मला सगळ्या गोंगाटातून ऐकू आली.

तिसरी फेरी किती चालली ते मला सांगता येणार नाही. कुणी म्हणतं फार वेळ, कुणी म्हणतं बघता बघता. मला आठवते ती पुढच्या माणसाची घामानं काळी पडलेली पाठ, खांद्यावर करकरणारी दोरी, आणि आठ माणसांच्या ओळीच्या पलीकडे ह्यांचं डोकं. ते कधी नव्हे ते सगळ्यांच्या पुढे, साबणवाल्यांच्या डोळ्यांत डोळे घालून. आमची दोरी पुढे गेली. पुढे, अजून पुढे, रेघ हातभर राहिली. माझ्या मांड्या थरथरत होत्या. बाजूच्या बायका ओरडत होत्या, "बस! बस गं!" मी बसले. आणखी खाली बसले. आणि ह्यांनी, काडीच्या पुकाऱ्याचीही वाट न बघता, पुढून अशी आरोळी दिली की अंगावर सर्रकन काटा आला. दोरी थांबली. दोरी थरथरली. आणि परत फिरली.

ती परत फिरतानाची जाणीव! हातात, पोटात, टाचेत. मी मागे जात होते आणि हसत होते, तोंडानं नाही, सगळ्या अंगानं. चिंधी मधे आली, मधून सरकली, आमच्या रेघेवर आली, आणि पंचाचा हात वर गेला. आम्ही आठही जण पाठीवर पडलो, आभाळ बघत, एकमेकांवर. शिट्टी रडत होता आणि रडता रडता शिट्टी वाजवत होता. काडी चष्म्याशिवायच कुणाकुणाला मिठ्या मारत सुटला, त्यात दोन साबणवालेही सापडले.

हे माझ्यापर्यंत धावत आले. धावत! मी त्यांच्या पायांकडेच बघत होते. लेक मागून येऊन दोघांच्या गळ्यात पडली आणि आम्ही तिघं परत आडवे झालो.

लोक पांगायला लागले तेव्हा बॉयलर आमच्याकडे आला. मला वाटलं हात मिळवायला येतोय. मिळवला त्यानं, पण सोडेना. इकडे तिकडे बघून हलकेच म्हणाला,

"वहिनी, त्या डॉक्टरीणबाई कुठे बसतात हो?"

मी खाली बघितलं. तो डाव्या पायावर भार टाकत नव्हता.

"सकाळी पहिली पावलं भिंत धरून टाकता का?" मी विचारलं.

तो चमकला. "तुम्हाला कसं कळलं?"

"बसा," मी म्हटलं. "बूट काढा. आणि आधी हे सांगा, रक्त कधी तपासलंय?"

तो एवढा मोठा गडी मुकाट्यानं गवतावर बसला आणि बुटाची नाडी सोडायला लागला. हेही त्याच्या शेजारी बसले, आपल्या पँटचा पाय वर करून टाच दाखवायला लागले, आणि दोघं शेजारी शेजारी पाय पसरून अशा काही उत्साहानं बोलायला लागले की दोरी गुंडाळायची राहिली ती राहिलीच. शेवटी लेकीनं आणि मीच ती गुंडाळली.